सीताबाईच्या ओट्यावरची चौकशी

आमच्या घराण्यात काहीही घ्यायचं असलं की आधी मला बोलावतात. बैलजोडी असो, जुना ट्रॅक्टर असो, की जावई असो. 'चंद्रभानले घेऊन जा, त्याच्या नजरेतून सुटत नाई,' हे मी गेली तीस वर्षं ऐकत आलोय, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला गोड वाटायचं. देवळीच्या बाहेर माझी साडेतीन एकर भाजीची वाडी आहे. वांग्याला वरून हात लावला तरी आत कीड आहे की नाही ते मी सांगतो. माणूस वांग्यासारखा नसतो, हे मात्र साठाव्या वर्षी कळलं.

माझा मुलगा चंदन वर्ध्याला एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तो आणि सून अपेक्षा तिथंच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. यंदा ठरवलं की पोरांना स्वतःचं घर घेऊन द्यायचं. बाबाराव नावाच्या दलालानं एक घर सांगितलं: स्टेशनापलीकडची गल्ली, तीन खोल्या, वर गच्ची, मालक नत्थूभाऊ. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, आता रिटायर. घर विकून बायकोच्या माहेरी, तळेगावला जायचं म्हणतात. चंदन म्हणाला, "बाबा, पहिले तुमी पाहून या. तुमाले पसंत पडलं का मंग आमी येतो."

घराची परीक्षा करायची माझी एक पद्धत होती. ठोकून पाहायच्या भिंती, ओतून पाहायचं पाणी, हे सगळे करतात. मी घराच्या आधी शेजारी पाहायचो. मालक सांगतो ते निम्मं, दलाल सांगतो ते शून्य. पण शेजाऱ्याला 'हे घर कसं आहे हो' म्हणून सरळ विचारलं, तर तोही शहाणा असतो. सौदा मोडला तर बोल आपल्यावर येईल म्हणून तो 'चांगलंच आहे जी' म्हणतो आणि आत निघून जातो. लग्नाच्या चौकशीचं तसं नाही. स्थळ पाहायला आलोय म्हटलं की आपल्याकडे माणूस बसायला देतो, पाणी देतो आणि त्या घरातलं भांडण, दारू, नळाची वेळ, भिंतीचा वाद, सगळं काढून पुढ्यात ठेवतो. सोयरिकीत लपवलं तर पाप लागतं. घराच्या सौद्यात लागत नाही, असं लोक धरून चालतात.

बाबारावनं बोलता बोलता सांगितलं होतं की नत्थूभाऊंची पोरगी लग्नाची आहे. मला तेवढंच पुरे होतं.

शुक्रवारी दुपारी मी एकटाच त्या गल्लीत गेलो. हातात आमच्या वाडीतली दोन किलो वांगी. समोरच्या घराच्या ओट्यावर सीताबाई नावाची एक म्हातारी गहू निवडत बसली होती. मी पिशवी तिच्यापुढं ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणालो, "बाई, देवळीच्या आमच्या वाडीतली वांगी आहे हे. समोरच्या घरची पोरगी कशी आहे जी? आमच्या पोरासाठी विचारून राह्यलो. पोरगा इथंच नोकरीले आहे."

म्हातारीनं सूप बाजूला सारलं. तिचा चेहरा असा काही उजळला, की मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

"गुंजन? हिऱ्यासारखी पोरगी आहे, भाऊ," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षांची झाली, पण आवाज चढवला नाई कधी. दोन वर्षाआधी साक्षगंध झालतं तिचं. पत्रिका छापल्या, अन् पोराकडच्यायनं मोडलं. कारण सांगतलं नाई. मंग काय, कारणं गल्लीनं बनवली. कोणी काही म्हणे, कोणी काही. मीबी त्यात होती, खोटं काऊन बोलू? तेव्हापासून जे चौकशीले येते ते या गल्लीतूनच वापस जाते. म्हणून आता तुमाले खरं सांगून राह्यली. पोरीत काही खोट नाई."

मी मान डोलावत होतो, पण माझं लक्ष पुढच्या प्रश्नाकडे होतं. "अन् घर कसं आहे?"

"घर खाऊन-पिऊन सुखी."

"तसं नाई. म्हणजे राहाले, पाण्यापावसाचं?"

"नळ सकाळी सहाले येते, भरपूर. मागच्या भिंतीचं तेवढं नत्थूभाऊलेच विचारजा."

मागची भिंत! वांगी वसूल झाली. उठता उठता मी म्हणालो, "बाई, हे आपल्यातच ठेवजा." तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. एखादी गोष्ट दवंडीशिवाय गावभर पोचवायची असेल तर माणसानं असंच म्हणावं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण घर घेतलं तर नत्थूभाऊ तळेगावला जाणार, नाही घेतलं तर आपला त्या गल्लीशी संबंध काय, असं मी धरलं होतं.

रविवारी मी आणि माझी बायको कोकिळा सकाळच्या एसटीनं वर्ध्याला निघालो. शुक्रवारचं मी तिला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं मला स्टँडवरूनच परत फिरवलं असतं, हे मला ठाऊक होतं. एवढ्यावरून तरी मला समजायला हवं होतं.

नत्थूभाऊंच्या दारात ताजी रांगोळी होती. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारातच उभे होते. आत खुर्च्यांवर धुतलेल्या चादरी. त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, कोकिळेला हाताला धरून आत नेलं. घर विकणारा माणूस गिऱ्हाइकाला पाणी देतो, फार तर चहा. इथं ताटलीत शिरा आला, काजू-बेदाणे घातलेला. माझ्या मनानं लगेच निकाल दिला: माणूस घाईला आलाय, किंमत पाडायला जागा आहे.

पाण्याचे ग्लास घेऊन त्यांची मुलगी आली. साधा सुती ड्रेस, केस बांधलेले, अंगावर दागिना नाही. तिनं ट्रे ठेवला, माझ्याकडे एकदा सरळ पाहिलं आणि आत गेली. ते पाहणं लाजण्याचं नव्हतं. समोरचा माणूस काय मापाचा आहे, ते ती पाहत होती. त्या घरात त्या दिवशी परीक्षा घ्यायला आलेला मी एकटाच नव्हतो.

मग नत्थूभाऊ मला घर दाखवायला लागले. मी भिंती ठोकल्या. दाराच्या चौकटी खालून नखानं खरवडून वाळवी पाहिली. ग्लासातलं उरलेलं पाणी मोरीत ओतून उतार पाहिला. नत्थूभाऊ हे सगळं पाहून गालातल्या गालात हसत होते. मला वाटलं, काट्यावरचा माणूस, माझी पारख पाहून खूश झाला असेल.

मागच्या खोलीत तीन भिंतींना जुना रंग आणि एकीला नवा. एकाच भिंतीला नवा रंग असला की समजावं, त्या भिंतीच्या पोटात दुखतं. मी तिच्यावर बोटं ठेवली, तोच नत्थूभाऊ आपणहून बोलले.

"ते भिंत पावसाळ्यात ओली होते, भाऊ. शेजारच्याच्या मोरीचं पाणी मुरते. तीन खेपा गिलावा केला, टिकत नाई. बाबाराव म्हणे, गिऱ्हाइकाले सांगू नका, रंग मारून घ्या. म्हणून मारला. अन् मागची दीड फूट जागा कागदावर आपली नाई."

आजवर एकाही मालकानं आपल्या घराचं दुखणं मला असं उघडून दाखवलं नव्हतं. मी आतून हरखलो. वर साळसूदपणे विचारलं, "हे मले काऊन सांगून राह्यले तुमी?"

नत्थूभाऊंनी दार जरा लोटून घेतलं. माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तुमच्यापासून काय लपवाचं? सीताबाईनं आमाले शुक्रवारीच सांगतलं. तिनं सांगतलेला माणूस अन् बाबारावनं सांगतलेलं गिऱ्हाईक, दोघंबी देवळीचे, दोघंबी वाडीवाले. मी ओळखलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "भाऊ, तुमी लय चांगली रीत केली. घर पाहाच्या नावानं आले. पोरीले पुन्हा पाटावर बसवणं आता तिले सोसत नाई, अन् आमालेबी नाई. मागच्या खेपेले सहा जण आलते, तिले चालून दाखवा म्हणत. तुमी तिची लाज राखली. मी रातीच बायकोले म्हटलं, ज्यायले एवढं समजते, त्या घरी पोरगी सुखात राहीन."

मी त्या नव्या रंगाच्या भिंतीकडे पाहत राहिलो.

"बाबारावले सकाळीच फोन केला, दुसरं गिऱ्हाईक आणू नको म्हणून. तळेगावले आमी काऊन चाललो होतो? गल्ली सोडाची होती, बस. तिचं इथंच जमलं तर घर कशाले विकतो?"

माझा हात त्यांच्या हातात होता आणि मला तो तोडून टाकावासा वाटत होता. आयुष्यात मी पुष्कळदा चुकलोय, पण माझं नसलेलं चांगुलपण कोणी माझ्या पदरात घालावं आणि मी ते घेऊन उभं राहावं, असं कधी झालं नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. 'नत्थूभाऊ, मी खरंच घर पाहायला आलोय.' सहा-सात शब्द. ते मी म्हणालो नाही. आणि आता सगळं सांगतोच आहे तर हेही सांगतो. त्या वेळी शरमेनं माझे कान तापले होते, तरी डोक्याच्या एका कोपऱ्यात ओल्या भिंतीपायी किंमत किती उतरेल, तो विचार चालूच होता. खोड जात नाही. अजून दोन-चार गोष्टी कळतील, मग सांगू, असं मी स्वतःला म्हणालो. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कोकिळेचा आवाज आला. तिचा आवाज तसाही मोठा.

"ओटा चांगला उंच केला जी तुमी. आमच्या सुनेची कंबर दुखते, तिले बरं पडन."

"मोठ्या सुनेची का?" पंचफुलाबाईंनी हसत विचारलं.

"मोठी-लहानी कुठली? एकच पोरगा, एकच सून. अपेक्षा नाव तिचं. तिच्यासाठीच तं घर पाहून राह्यलो."

गॅसवर चहा उकळत होता, तेवढाच आवाज.

नत्थूभाऊंनी माझा हात सोडला. झटकला नाही. वजन झालेलं गाठोडं काट्यावरून उतरवावं, तसा खाली ठेवला. मग ते पुढच्या खोलीत गेले आणि मी त्यांच्या मागे. पंचफुलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, मागे कोकिळा, हातात कपबशी, काय झालं ते न कळून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहणारी.

"भाऊ, किती पोरं तुमाले?" नत्थूभाऊंनी विचारलं.

इथंही सुटायला वाट होती. पण अति शहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, तो काही उगाच नाही.

"एकच," मी म्हणालो. "म्हणजे... मी पुतण्यासाठी विचारलं होतं. रजतसाठी."

"रजत?" कोकिळा मागून म्हणाली. "अजी, रजत तं दहावीले आहे."

बोलून गेल्यावर तिला उमगलं. तिनं नत्थूभाऊंच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, शिऱ्याच्या ताटल्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. अडतीस वर्षांच्या संसारात तिनं मला पुष्कळ रागावून पाहिलंय. त्या दिवशी रागही नव्हता. हा माणूस कोण, असं ती पाहत होती.

"तुमी पोरगी पाहाले नाई आले?" पंचफुलाबाईंनी विचारलं. अगदी लहान मुलानं विचारावं तसं.

"नाई," मी म्हणालो. "घर पाहाले आलो. शेजारी खरं सांगत नाई म्हणून मी तिकडे तसं म्हटलं."

मला वाटलं, नत्थूभाऊ ओरडतील. मी मनातून वाटच पाहत होतो. चार शिव्या मिळाल्या असत्या तर माझं ओझं कमी झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि खालच्या चादरीची सुरकुती हातानं सरळ करत राहिले.

बोलली ती गुंजन. ती केव्हा बाहेर आली, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आई, मी म्हटलंतं तुले रातीच. घर पाहाले आले म्हणजे घरच पाहाले आले असतीन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, गच्ची राह्यली तुमची पाहाची. चला."

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी तिच्यामागे जिना चढलो. मार्च महिना, बाराचं ऊन. गच्चीवर जुन्या लुगड्यावर मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. आईनं नाही, तिनंच घातल्या असणार, कारण ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ होत्या. तिनं मला पाण्याची टाकी दाखवली. कठड्याखालची भेग दाखवली आणि म्हणाली, "हे वरवरची आहे, खालपर्यंत गेली नाई. पण पावसाळ्याआधी भरून घ्यावी लागन." चांगलं चढवून सांगितलं नाही, वाईट झाकलं नाही. घर दाखवायचं कसं, ते तिच्याकडून शिकावं.

"पोरी," मी म्हणालो, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. पुढं काहीच नाही. मी 'असू द्या'ची वाट पाहत होतो, हेही मला तेव्हाच कळलं आणि त्याचीही लाज वाटली.

मग तीच म्हणाली, "काका, आता गल्ली काय म्हणन माहीत आहे? दुसऱ्या खेपेले मोडलं म्हणन. आमी खरं सांगतलं तर म्हणतीन, झाकून राह्यले. म्हणून तुमी सांगा. खाली जाऊन सीताआजीले तुमीच सांगा, का तुमी स्थळ पाहाले आलेच नवते. माहं नाव या गल्लीत तुमी काढलं, तुमीच ते वापस घ्या."

"सांगतो," मी म्हणालो. "तुझ्यासमोर सांगतो. मोठ्यानं सांगतो."

खाली आलो तेव्हा कोकिळा पंचफुलाबाईंपुढे वाकली होती. त्या तिच्याहून लहान असतील. पंचफुलाबाईंनी तिला खांद्याला धरून उठवलं. मी नत्थूभाऊंना हात जोडले. त्यांनीही उठून जोडले. रीत त्यांनी तेव्हाही सोडली नाही.

सीताबाई ओट्यावरच होती. आज तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी दोघी. निवडायला पुढं काहीच नव्हतं. तिघी कशासाठी बसल्या होत्या ते दिसतच होतं. मला पाहून सीताबाई अर्धी उठली. "काय जी? झालं गोड तोंड?"

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "सीताबाई, मी तुमाले खोटं सांगतलं. माह्या पोराचं लग्न झालेलं आहे. मले फक्त घराची चौकशी कराची होती. तुमी खरं सांगा म्हणून मी पोरीचं नाव घेतलं. पोरगी पाहाले कोणी आलंच नवतं. गलती माही आहे."

एवढं सरळ मी कधी कोणापुढं कबूल केलं नव्हतं. ऊर भरून आला होता. म्हातारीनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग तिनं माझ्याकडे नाही, समोरच्या घराकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"समजलं जी," ती म्हणाली. "नाई आली पसंत तर नाई आली. एवढं बनवून काऊन सांगता?"

"बनवून नाई, बाई. खरंच..."

"साक्षगंध मोडलं त्यायनंबी असंच म्हटलंतं. आमी तं फक्त ओळख काढाले गेलतो म्हणे. चांगली माणसं पोरीले नाव ठेवत नाई, दुसरंच काही सांगतेत. तुमी चांगले आहे, भाऊ."

पुन्हा चांगला! मी खिशातून मोबाइल काढला. चंदन-अपेक्षाच्या लग्नाचा फोटो शोधला आणि त्यांच्यापुढं धरला. सीताबाईला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. दुसरीनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा थोरला असन."

"थोरला नाई! एकच पोरगा आहे मले! एकच!" माझा आवाज चढला. "कोकिळा, सांग यायले."

"खरं आहे, बाई," कोकिळा म्हणाली. "आमच्या पोराचं लग्न झालं आहे."

सीताबाईनं तिच्याकडे मायेनं पाहिलं. "पोराच्या मायले तं म्हणाच लागते, बाई."

मी तिथंच उभं राहून शपथ घेतली. वाडीची घेतली, पोराची घेतली. मी जितका ओरडायचो तितक्या त्या तिघी समजुतीनं माना डोलवायच्या. शेजारचं एक दार उघडलं, मग पलीकडचं. एक माणूस दाढीचा फेस तोंडावर घेऊन बाहेर आला आणि त्यानं दुसऱ्याला विचारलं, काय झालं. त्याला मिळालेलं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं. नत्थूभाऊच्या पोरीचं पुन्हा मोडलं.

मी वर पाहिलं. गुंजन गच्चीवर उकिडवी बसून वड्या उलटत होती. एकेक वडी उचलायची, पालथी करायची, पुन्हा ओळीत ठेवायची. गल्लीतला शब्द न् शब्द तिला ऐकू जात असणार. तिनं एकदाही खाली पाहिलं नाही.

"मी देवाशपथ सांगतो..." मी पुन्हा सुरू केलं.

कोकिळेनं माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"चला आता," ती म्हणाली. "अजून किती खेपा मोडता तिचं?"